वॉल्टर ग्रिमशॉचे कान

वॉल्टर ग्रिमशॉला ऐकू येत नाही हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो होतो. आता सांगताना लाज वाटते, पण हसलो होतो खरा. तो पुलाच्या केबिनमध्ये माझ्याकडे पाठ करून चहा ओतत होता आणि मी त्याच्या लाडक्या फुटबॉल टीमला शिव्या घालत होतो. त्या टीमबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर वॉल्टर कोट काढून अंगावर यायचा. त्या दिवशी तो शांतपणे साखर ढवळत राहिला. मग वळला, मला बघून दचकला आणि म्हणाला, "अरे लेन, तू कधी आलास?" मी दोन मिनिटं त्याच्या मागे उभा राहून बडबडत होतो.

माझं हसू तिथंच थांबलं. फिरत्या पुलावरच्या माणसाला ऐकू येत नसेल तर काय होऊ शकतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मी त्याच पुलावर दुसऱ्या पाळीला होतो.

आमचा विलो लेन नावाच्या रस्त्यावरचा पूल मँचेस्टरच्या कॅनॉलवर, समुद्र आणि शहर यांच्या साधारण मधोमध. बोट आली की अख्खा पूल, डांबरी रस्त्यासकट, उत्तरेच्या खुंटावर फिरायचा आणि काठाला लागून उभा राहायचा. बोट गेली की परत जागेवर. केबिन उत्तरेला, तिला चिकटून वॉल्टरचं घर, त्याच्या शेजारी माझं. घरं कंपनीची. खाली दोन मैलांवर जलद्वार होतं. तिथून बोट सुटली की तिथला माणूस केबिनमध्ये फोन करायचा. मग बोट वळणावर आली की तीन शिट्ट्या द्यायची. म्हणजे दोन्ही सूचना कानावाटेच यायच्या.

मी लागलो तेव्हा एका पाळीत चौदा-चौदा बोटी जायच्या. कापूस, गहू, लाकूड, डबाबंद मांस, चहा. रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची, बसमधले लोक आम्हाला नाही नाही ते बोलायचे, आणि वॉल्टर त्यांना टोपी काढून सलाम करायचा. मग बोटी मोठ्या झाल्या. लोखंडी डब्यांतून माल जायला लागला, आणि ते डबे वाहणारी जहाजं आमच्या कॅनॉलमध्ये मावेनात. चौदाच्या सहा झाल्या, सहाच्या दोन, आणि चौऱ्याहत्तर साली आठवड्याला चार बोटी दिसल्या तरी आम्ही एकमेकांना हाक मारून दाखवायचो. रात्रीची पाळी बंद केली. पाण्यावर साबणाच्या कारखान्याचा फेस साचून राहायला लागला, कारण तो फोडायला बोटीच येत नव्हत्या.

तुम्हाला वाटेल, बोटी कमी म्हणजे काळजी कमी. छट्. चौदा बोटी येत होत्या तेव्हा वॉल्टर डोळ्यांनी काम करायचा. सतत वळणाकडेच बघत असायचा, एक गेली की दुसरी. आता तास-तास नुसतं रिकामं पाणी. किती बघणार माणूस? मान वळते, पेपर उघडतो, डोळा लागतो. तेव्हा कानच लागतात, आणि याचे नेमके कानच गेले होते. तरुणपणी बॉयलरच्या पोटात बसून गंज ठोकायचं काम केलं, तिथं अर्धे गेले. उरलेले पूल फिरवणाऱ्या केबिनखालच्या पंपानं खाल्ले.

मग चार वर्षं त्याला सांभाळलं कुणी? हेटीनं. त्याच्या बायकोनं.

हेटी कापडगिरणीत वाढलेली. त्या बायकांना यंत्रांच्या आवाजात एकमेकींचं ऐकू येत नाही, म्हणून त्या नुसते ओठ हलवून बोलतात. शंभर फुटांवरून एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढतात आणि मधे आवाज म्हणून नाही. हेटीनं ते वॉल्टरला शिकवलं. त्यामुळे तोंडासमोर बोललं की त्याला सगळं कळायचं आणि बहुतेकांना संशयही यायचा नाही. फोन वाजला की तिच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. ती ओल्या हातानं धावत जाऊन केबिनच्या काचेवर थाप मारायची, मग वॉल्टर फोन उचलून नुसतं "बरं" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. वॉल्टरच्या पाळीत तिनं चार वर्षं रेडिओ लावला नाही. चर्चच्या बायकांची सहल सोडली. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेली नाही. मी एकदा म्हणालो, "हेटी, पगार कंपनीनं तुला द्यायला हवा." ती म्हणाली, "तू तोंड बंद ठेवलंस तरी मला पुरे."

मी बंद ठेवलं. कारण नियम सगळ्यांना पाठ होता. जो माणूस स्वतः ऑफिसात जाऊन सांगेल की माझं शरीर आता या कामाला साथ देत नाही, त्याला कंपनी सन्मानानं निवृत्त करायची आणि मरेपर्यंत घर ठेवायची. नवराबायको दोघांच्या मरेपर्यंत. पण ज्यानं लपवलं आणि दुसऱ्या कुणाकडून ते बाहेर आलं, त्याला एका महिन्यात घर खाली करावं लागायचं. लपवण्यानं माणसं मरतात, म्हणून तो नियम. मला आजही त्यात चूक दिसत नाही.

"मग जा की स्वतः," मी वॉल्टरला दर दोन-तीन महिन्यांनी म्हणायचो.

"जाणार. वसंतात जाणार."

"कुठल्या वसंतात? तीन गेले."

"लेन, एकतीस वर्षं झाली मला इथं. उद्यापासून मी सकाळी उठून काय करू, ते सांग. कबुतरं पाळू?"

मलाही तेच कोडं होतं. बायको गेल्यापासून मला पूल होता आणि डॉरीन होती. डॉरीन माझी मुलगी, एकोणीस वर्षांची. पलीकडच्या साबणाच्या कारखान्यात कामाला. रोज सकाळी सायकलवरून पूल ओलांडायची, दुपारी जेवायला परत यायची, पुन्हा जायची. दिवसातून चार वेळा. ती पुलावर असली आणि पाळी वॉल्टरची असली की मी माझ्या खिडकीत उभा असायचो. तिला सांगितलं नव्हतं. ती म्हणायची, "बाबा, तुम्ही हल्ली माझ्यावर पहारा करता का? माझं कुणाशी काही नाही." मी म्हणायचो, हवा बघतोय.

एक गोष्ट मात्र वॉल्टरची पक्की होती, आणि तिच्यावरच मी जीव धरून होतो. पलीकडचं फाटक हातानं लावायचं असे. पूल फिरवायच्या आधी पुलावरून चालत पलीकडे जायचं, फाटक लावायचं, परत येताना दोन्ही बाजू बघत यायचं, काठीनं कठडा तीनदा ठोकायचा आणि मगच केबिनमध्ये जाऊन दांडा ओढायचा. याला आम्ही फेरा म्हणायचो. जुन्या काळी एक दारुडा पुलावर झोपला होता आणि पूल फिरताना पाण्यात गेला, तेव्हापासूनची ही रीत. फेरा घातल्याशिवाय वॉल्टरनं दांड्याला कधी हात लावला नव्हता. मला वाटायचं, कान गेले तर गेले, फेरा आहे तोवर कुणी मरणार नाही.

ऑक्टोबरात हेटीला पित्ताशयाच्या खड्यांसाठी दवाखान्यात ठेवलं. आठ दिवस. जाताना ती माझ्या दारात आली, हातात पिशवी, अंगावर चांगला कोट. म्हणाली, "लेन, आठ दिवस तू त्याचे कान हो." मी म्हणालो, "बिनघोर जा." ती दोन पावलं गेली, परत आली. "केबिनपासून दूर जाऊ नकोस. संडासातसुद्धा दार उघडं ठेव." मी हो म्हणालो. वॉल्टरची पाळी सकाळची होती, माझी दुपारची, म्हणजे जमण्यासारखं होतं.

बुधवारी मी अंगणात कोळसा फोडत होतो. हातोड्याच्या आवाजात मला फोन ऐकू आला नाही. पहिली शिट्टी आली तेव्हा मी मान वर केली तर बोट वळणावर, आणि वॉल्टर केबिनमध्ये तिच्याकडे पाठ करून पावाला लोणी लावतोय. मी धावलो. त्याच्या खांद्यावर इतक्या जोरात मारलं की सुरी खाली पडली. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रंग उडाला त्याचा. तशातही तो फेरा घालायला गेला. माझी नजर बोटीवरून हटली नाही. पूल फिरून पूर्ण बाजूला होईपर्यंत बोट इतकी जवळ आली होती की कप्तानाच्या तोंडातला पाइप दिसत होता.

त्या संध्याकाळी डॉरीन जेवताना म्हणाली, "वॉल्टर अंकलना काय झालंय? आज त्या बोटीच्या वेळी मी पुलाच्या मधे होते, घंटी वाजवत होते, आणि ते माझ्या तोंडावर फाटक लावायला निघाले. मी ओरडले तरी वळेनात."

मी ताट सरकवलं आणि शेजारी गेलो. वॉल्टर अंधारात बसला होता, दिवा न लावता. मी दिवा लावला, त्याच्या समोर बसलो आणि ओठ नीट हलवून म्हणालो, "उद्या जा ऑफिसात."

"सोमवारी," तो म्हणाला. "शनिवारी हेटी घरी येतेय. आधी तिला सांगतो. पोट फाडलेल्या बाईला दवाखान्यात जाऊन हे सांगू? सोमवारी सकाळी पहिल्या बसनं जातो. शप्पथ."

"तू वसंताचीही शप्पथ घेतली होतीस."

"या वेळी खरी आहे." "आज मी घाबरलो, लेन. आधी कधी घाबरलो नव्हतो. आज डॉरीनला बघितलं आणि घाबरलो."

मी घरी आलो. आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? सोमवार म्हणजे मधे गुरुवार, शुक्रवार, शनिवार. डॉरीन शनिवारीही अर्धा दिवस जायची. एका दिवसात चार वेळा. मी हिशेब करत बसलो आणि प्रत्येक वेळी मला सायकल दिसायची आणि पाणी दिसायचं. गुरुवारी मी त्याच्या शेजारी केबिनमध्येच बसून राहिलो. एकही बोट आली नाही, आणि तरी दुपारी माझी बनियन पिळून काढावी इतकी भिजली होती. भीती माणसाला शहाणं करते असं कुणी म्हणालं तर त्याच्या कानफटात द्या. भीतीनं मी गाढव झालो.

शुक्रवारी सकाळी धुकं होतं. बोटींच्या यादीत दुपारपर्यंत काही नव्हतं. डॉरीन पलीकडे सुखरूप गेली. मी वॉल्टरला म्हणालो, तंबाखू आणतो, पंधरा मिनिटांत येतो. तो म्हणाला, "मलाही आण." आणि मी पूल ओलांडून पलीकडच्या दारूच्या गुत्त्याबाहेर फोनबूथ होता तिथं गेलो. केबिनमधून फोन करणं माझ्यानं झालं नसतं.

ऑफिसातल्या कारकुनानं फोन उचलला. मी म्हणालो, "विलो लेनच्या पुलावरचा सकाळचा माणूस बहिरा आहे. त्याला आजच्या आज हलवा. दुसरा माणूस पाठवा."

"कधीपासून?"

"चार वर्षं." हे सांगायची काय गरज होती मला? पण विचारलं आणि मी सांगून टाकलं.

"लिहून घेतोय, साहेब. वेळ दहा वाजून दहा. आपलं नाव?"

तेवढ्यात शिट्टी झाली. लांब, मग दुसरी, मग तिसरी. यादीत नसलेली बोट. माझ्या हातातून फोन सुटला.

मी बूथबाहेर आलो तर धुक्यातून ती निघत होती, पेट्रोलची टाकीबोट, पाण्यात खोल बसलेली, भरलेली. पूल जागच्या जागी. फाटक उघडं. मला वाटलं वॉल्टरला पत्ता नाही. मी पुलावर शिरलो आणि धावत सुटलो, हात हलवत, घसा फोडून ओरडत, जणू ओरडून काही उपयोग होता.

पण वॉल्टरनं तिला बघितलं होतं. डोळ्यांनी, ऐन वेळी. समोर पेट्रोलची बोट आणि हातात चार मिनिटंही नाहीत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं फेरा घातला नाही. दांडा ओढला.

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ना, ते मी खरोखरीचं अनुभवलंय. माझ्यामागे रस्ता तुटला. मी तोंडावर पडलो. पूल फिरायला लागला आणि मी त्याच्या दक्षिणेच्या टोकापासून वीसेक फुटांवर, जे टोक पाण्यावरून सर्वांत शेवटी बाजूला होतं. मी कठड्याला मिठी मारली. बोट येतच होती. पेट्रोलचा वास यायला लागला. मला एवढंच कळत होतं की लोखंड लोखंडाला घासलं तर ठिणगी पडेल, आणि मग मी, वॉल्टर, दोन्ही घरं, कदाचित पलीकडचा कारखानाही. डॉरीनसाठी मी हे केलं होतं आणि डॉरीन तिथंच होती, पाण्यापासून शंभर पावलांवर. मी लहान पोरासारखा रडत होतो. देवाचं नावही आठवेना.

बोट गेली. हात लांब केला असता तर तिचा रंग बोटांना लागला असता. कठड्याशी एक खलाशी उभा होता, तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्यानं छातीवर क्रूस काढला.

वॉल्टरनं मला बघितलं ते त्यानंतर. पूल परत जागेवर आणला आणि तो माझ्यापर्यंत चालत आला, सावकाश, प्रत्येक पाऊल जपून. माझ्याजवळ खाली बसला. "मी फेरा घातला नाही," तो म्हणाला. "लेन, मी तुला मारलं असतं."

"नाही मारलंस," मी म्हणालो.

"तू मला सांगायला धावत येत होतास." त्यानं माझा हात धरला. "माझ्यासाठी धावत येत होतास."

तिथं मी बोलायला हवं होतं. माझे ओठ त्याच्या डोळ्यांसमोर होते. मी ते मिटून घेतले.

त्यानं केबिनमध्ये जाऊन वहीत बोटीची वेळ लिहिली, दहा वाजून पंधरा मिनिटं. टोपी आणि कोट चढवला. "सोमवारची वाट बघत नाही," म्हणाला. "आत्ता जातो. स्वतः जाऊन सांगतो. घर तरी राहील हेटीला. तू पाळी सांभाळ." मी त्याला थांबवायला तोंड उघडलं, पण काय सांगून थांबवणार होतो? तो साडेअकराच्या बसमध्ये चढला. जाताना त्याचं तोंड बऱ्याच दिवसांनी मोकळं दिसत होतं.

तो चारला परत आला. मी केबिनच्या दारात उभा होतो. माझ्याकडे न बघता त्यानं सांगितलं, "त्यांच्याकडे आधीच तक्रार गेलीय. सकाळीच. आता मी स्वतः सांगून उपयोग नाही म्हणाले. महिन्यात घर सोडायचं."

"कुणी केली?" मी विचारलं. खरंच विचारलं, या तोंडानं.

"नाव नाही सांगितलं त्यांना. वेळ मात्र लिहिलीय. मी वाचली त्यांच्या वहीत. दहा वाजून दहा." मग तो माझ्याकडे वळला, आणि माझ्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे बघून म्हणाला, "त्या बोटीचा कप्तान असणार. बुधवारचाही असेल. कुणीतरी कप्तान."

बोटीची वेळ त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली होती, पाच मिनिटं नंतरची.

नोव्हेंबरात सॉल्फर्ड शहरातल्या एका उंच इमारतीत नवव्या मजल्यावर त्यांना खोल्या मिळाल्या. मी सामान उचलायला गेलो, सगळं उचललं, माझीच पाठ मोडो म्हणून उचललं. डॉरीन भांडी कागदात गुंडाळत होती आणि रडत होती. तिला वाटत होतं मी किती भला शेजारी. हेटी टेम्पोत पुढे बसली, पोटावर हात धरून, अजून टाके ओढत होते. टेम्पो निघण्याआधी तिनं काच खाली केली आणि मला म्हणाली, "चार वर्षं मी डोळ्यांत तेल घालून बसले, आणि एक माणूस एक फोन करून मोकळा झाला. त्याचं कधी भलं होणार नाही, लेन. त्याच्या घरात त्याला एक रात्र झोप लागणार नाही."

वॉल्टर तिच्या पलीकडे बसला होता. त्यानं तिच्या ओठांवरून सगळं वाचलं असणार, कारण तिचा हात धरून तो म्हणाला, मोठ्यानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं:

"असं बोलू नये, हेटी. त्यालाही एक मुलगी असेल."

हेटीनं माझ्याकडे बघितलं. मग डॉरीनकडे. मग काच वर केली.